रिटायर्ड मेकॅनिकलच्या सरांची करिअर लिहून काढताना

आमच्या मेकॅनिकल डिपार्टमेंटमधून रिटायर झालेल्या सर लोकांची माहिती एकत्र लिहून काढायचं काम मागच्या वर्षी माझ्याकडे आलं. ते आता बरंचसं पूर्ण झालंय आणि कसं केलं ते सविस्तर लिहितेय, कारण अशी कामं हल्ली बऱ्याच जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजांमध्ये निघतायत, कुठे हीरक महोत्सव असतो, कुठे नॅक (कॉलेजांचं मूल्यांकन), कुठे माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, आणि सगळीकडे तोच एक पानी फॉर्म फिरवला जातो. आमच्या युनिव्हर्सिटीचं नाव देत नाही, काही सरांनी तीच अट घातली होती आणि मग ती मी सगळ्यांनाच लावली. मी याच डिपार्टमेंटची विद्यार्थिनी, आता इथेच शिकवते, त्यामुळे यातले निम्मे लोक माझे स्वतःचे सर आहेत हेही आधीच सांगते.

तर तो फॉर्म. नाव, जन्मतारीख, शिक्षण, रुजू दिनांक, निवृत्ती दिनांक, धारण केलेली पदं, पीएचडीचे विद्यार्थी किती, पेपर किती, पुस्तकं किती, पुरस्कार कोणते. काही माणसांना हा फॉर्म चपखल बसतो. आयआयटी मुंबईचे सुखात्मे सर घ्या, मेकॅनिकलचेच, एमआयटीतून डॉक्टरेट करून पवईला आले, हीट ट्रान्सफर आणि सोलरमध्ये मोठं काम, १९९५ ते २००० डायरेक्टर, मग २००० ते २००५ अणुऊर्जा नियामक मंडळाचे अध्यक्ष, २००१ ला पद्मश्री. अशी करिअर असली की रकाने भरतात आणि माणूसही बऱ्यापैकी कळतो. पण राज्यातल्या कॉलेजात तीस-पस्तीस वर्षं मेकॅनिकल शिकवलेल्या माणसाच्या फॉर्मात शेवटचे चार रकाने बहुतेक वेळा रिकामे राहतात, कारण त्या काळात डिग्रीच्या पोरांना शिकवणं हेच मुख्य काम होतं, लेक्चर, प्रॅक्टिकल, टर्मवर्क, ओरल, युनिव्हर्सिटीचे पेपर तपासणं, आणि रिसर्चला ना पैसा होता ना वेळ. तो फॉर्म वाचणाऱ्याला वाटेल की या माणसानं पस्तीस वर्षं नुसती हजेरी लावली. मला ते अजिबात पटत नव्हतं, कारण मी ज्या लॅबमध्ये उभी राहून शिकले ती कुणीतरी उभी केलेली होती.

पहिलं काम यादीचं. आस्थापना शाखेत गेले तर तिथून नावं आणि निवृत्तीच्या तारखा मिळाल्या, सेवापुस्तक मात्र कुणाचंही बघायला मिळणार नाही असं स्वच्छ सांगितलं आणि ते बरोबरच आहे, त्यात माणसाची रजा, आजारपण, चौकशी सगळंच असतं. जुनी माहितीपत्रकं काढली, त्यात मागच्या पानांवर स्टाफ लिस्ट छापलेली असायची, ती फार उपयोगी पडली. पत्ते आणि फोन नंबर ऑफिसकडे होते ते जुने, लँडलाइनचे. खरी मदत केली ती आमच्या हीट इंजिन लॅबमध्ये मदतनीस असलेल्या मामांनी. मामा स्वतः रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण कोण कुठे राहतं, कुणाची बायपास झाली, कोण मुलाकडे अमेरिकेत आहे आणि कधी परत येणार, सगळं त्यांच्याकडे अपडेट. पूर्वी नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला सगळे पेन्शनर बँकेत एकत्र भेटायचे, आता निम्मे लोक घरबसल्या मोबाईलवर जीवन प्रमाण करतात त्यामुळे ती गर्दी कमी झालीय, तरी मामा दरवर्षी जातातच, दाखल्यापेक्षा भेटीसाठी.

मग तारखांचा गुंता. पंच्याऐंशीच्या माणसाला "सर, तुम्ही कधी लागलात" विचारलं की सालं पुढेमागे होतात, हे साहजिक आहे. पण पगाराची स्केल कुणी विसरत नाही! "सातशे-सोळाशेवर लागलो" म्हणाले की समजायचं १९८६ च्या आधीचे. "बावीसशे-चार हजार" म्हणजे १९८६ नंतरची स्केल, "आठ हजार-साडेतेरा" म्हणजे पाचव्या वेतन आयोगाच्या वेळची. ही युक्ती सापडल्यावर मी साल विचारणंच सोडलं, स्केल विचारायची आणि मग स्टाफ लिस्टशी ताडून बघायची. पदांचंही तसंच. आमच्याकडे आधी लेक्चरर, मग असिस्टंट प्रोफेसर, मग प्रोफेसर अशी उतरंड होती, २०१० ला एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणारी केंद्रीय परिषद) नव्या नियमांत लेक्चरर हे पदच गेलं आणि नवीन लागलेला पोरगाही असिस्टंट प्रोफेसर झाला. म्हणजे १९८५ चे असिस्टंट प्रोफेसर सर हे आजच्या हिशोबात असोसिएट. ही तळटीप टाकली नाही तर वाचणाऱ्याला वाटतं वीस वर्षांत या माणसाचं एकही प्रमोशन नाही, आणि हयात असलेल्या माणसाबद्दल असं छापून येणं बरं नाही.

पहिली भेट थर्मोच्या, म्हणजे थर्मोडायनॅमिक्स शिकवणाऱ्या सरांची. मी फॉर्म, पेन, रेकॉर्डिंगला मोबाईल अशी सगळी तयारी करून गेले. सर सोफ्यावर ताठ बसले आणि मी एकेक रकाना विचारत गेले, ते एकेका वाक्यात उत्तर देत गेले, पंधरा मिनिटांत सगळं संपलं आणि दोघंही गप्प. "अगं, आम्ही काय केलं, शिकवलं" एवढंच. मग सहज, काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं की सर, तुमची ती शिकवायची वही आहे का अजून? काकूंनी आतून आणून दिली. जाड रजिस्टर, कडा पिवळ्या पडलेल्या, आणि ब्रेक हॉर्सपॉवरच्या (इंजिनाच्या शाफ्टवर प्रत्यक्ष मिळणारी ताकद) सूत्राचं पान उघडलं तर तिथे एकाच सूत्राखाली तीन छेद, तीन वेगळ्या शाईत. वर टू पाय एन टी (एन म्हणजे मिनिटाचे फेरे, टी म्हणजे टॉर्क), खाली ३३०००, तो खोडून ४५००, त्याच्या शेजारी ६००००.

सरांनी मग समजावून सांगितलं आणि तिथून जे बोलायला लागले ते दोन तास. ते स्वतः शिकले फूट-पाउंडमध्ये, मिनिटाला ३३००० फूट-पाउंड म्हणजे एक हॉर्सपॉवर. नोकरीला लागले तेव्हा सगळं किलोग्रॅम-मीटरवर आलेलं, सेकंदाला ७५ किलोग्रॅम-मीटर, गुणिले साठ म्हणून ४५००. मग एसआय आलं, न्यूटन आणि किलोवॅट, म्हणून ६००००. हे नुसतं सूत्र बदलणं नव्हतं. लॅबमधले स्प्रिंग बॅलन्स किलोत, बॉयलरचा प्रेशर गेज पाउंडात, स्टीम टेबल नवीन आलेलं किलोज्यूलमध्ये आणि पोरांची पुस्तकं कॅलरीत. सरांनी लॅबमधल्या प्रत्येक उपकरणाला शेजारी एक रूपांतराचा तक्ता हातानं लिहून काचेत लावला होता. ते तक्ते मी बघितलेत! आम्ही शिकत होतो तेव्हाही ते भिंतीवर होते, कुणी लिहिले हे कधी विचारावंसंच वाटलं नाही. एकच रँकिन सायकल (वाफेवर चालणाऱ्या पॉवर प्लँटचं चक्र) तीन वेगवेगळ्या एककांत तीन पिढ्यांना शिकवणारा माणूस, आणि फॉर्ममध्ये ह्याला रकाना नाही.

त्या दिवशी मी फॉर्म बाजूला ठेवला. त्यानंतर प्रत्येक भेटीत पहिला प्रश्न एकच ठेवला: सर, तुमच्या वेळेला लॅबमध्ये नवीन काय आलं? मेकॅनिकलच्या माणसाला स्वतःबद्दल विचारलं तर तो बोलत नाही, मशीनबद्दल विचारलं की थांबत नाही.

पण आठवणीवर किती विसंबायचं, म्हणून मी डेडस्टॉक रजिस्टर काढून बसले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, लॅबमधली प्रत्येक टिकाऊ वस्तू या रजिस्टरमध्ये चढवतात, वस्तूचं नाव, खरेदीची तारीख, बिल नंबर, किंमत, कुठे ठेवली, शेवटी शेरा. दरवर्षी पडताळणी होते आणि लॅबच्या इन्चार्जची सही होते. म्हणजे नुसत्या सह्या बघत गेलं की कुठली लॅब कुठल्या वर्षी कुणाकडे होती ते ओळीनं कळतं. आमच्या हीट इंजिन लॅबच्या रजिस्टरमध्ये किर्लोस्करचं एव्ही-१ डिझेल इंजिन चढवलेलं आहे, सिंगल सिलिंडर, ५ हॉर्सपॉवर, १५०० आरपीएम, महाराष्ट्रात मेकॅनिकल शिकलेल्या कुणालाही हे इंजिन ओळखीचं असणार. त्या पानापासून पुढे सलग एकच सही आहे, सुरुवातीला पूर्ण नाव, मग आद्याक्षरं, मग नुसती एक वळणदार रेघ. ती सही कुणाची हे मामांनी बोट ठेवून सांगितलं. त्या सरांनी मला आयसी इंजिन शिकवलं होतं आणि हेच इंजिन चालू करून त्याची ताकद मोजणाऱ्या रोप ब्रेकचा दोर कसा गुंडाळायचा, ड्रममध्ये पाणी आधी का सोडायचं हे प्रत्येक बॅचला स्वतः दाखवायचे, अटेंडंटवर सोडायचे नाहीत.

रजिस्टरमधून खूप मिळालं. पण त्याच रजिस्टरनं एक मोठी गोष्ट लपवलेलीही होती आणि ह्या सगळ्या कामात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती हीच. जे विकत घेतलं ते रजिस्टरमध्ये आहे. जे इथेच, आपल्या वर्कशॉपमध्ये बनवलं, त्याचं बिल नाही, म्हणून किंमत नाही, म्हणून नोंदच नाही.

थिअरी ऑफ मशीन्सच्या लॅबमध्ये एक जर्नल बेअरिंगचं, म्हणजे तेलाच्या थरावर शाफ्ट फिरणाऱ्या बेअरिंगचं उपकरण आहे. फिरणारा शाफ्ट, त्याच्यावर बेअरिंग, बेअरिंगला गोलाकार बारीक भोकं पाडलेली, प्रत्येक भोकातून एक नळी निघून मागच्या उभ्या फळीवर जाते. मोटर चालू केली की तेलाची फिल्म तयार होते आणि फळीवरच्या नळ्यांमध्ये तेल चढायला लागतं, एकीत थोडं, पुढचीत जास्त, मग एकदम खाली. तेलाचं प्रेशर कुठे किती आहे ते डोळ्यांनी दिसतं. तेलाच्या फिल्ममधलं प्रेशर सांगणारं रेनॉल्ड्सचं समीकरण मला फळ्यावर कळलं नव्हतं, त्या फळीसमोर कळलं. हे उपकरण डेडस्टॉकमध्ये शोधून शोधून दमले, कुठेच नाही. मामांना विचारलं तर म्हणाले, "ते सरांनी केलंय की, नळ्या सलाइनच्या आहेत बघा."

आणि खरंच सलाइनच्या आहेत. ते उपकरण बनवणारे हे सर सत्तरच्या दशकात क्यूआयपीवर पवईला, आयआयटीत गेले होते. क्यूआयपी म्हणजे क्वालिटी इम्प्रूव्हमेंट प्रोग्राम, १९७० ला सुरू झाला, कॉलेजातल्या मास्तरांना पूर्ण पगारावर एमटेक-पीएचडीला आयआयटीसारख्या ठिकाणी पाठवायचे, नंतर परत येऊन काम करायचा बॉण्ड. आमच्याकडच्या त्या पिढीतल्या बहुतेक डॉक्टरेट ह्या योजनेतल्या आहेत, ही योजना नसती तर राज्यातल्या कॉलेजांमध्ये रिसर्च म्हणजे काय हे कळायला अजून वीस वर्षं लागली असती असं माझं स्पष्ट मत आहे. सरांचा विषय हायड्रोडायनॅमिक बेअरिंग, म्हणजे हेच तेलाच्या फिल्मवर चालणारं बेअरिंग. पवईला तेव्हा रशियन बनावटीचं ईसी-१०३० कॉम्प्युटर होतं, फोरट्रानचा प्रोग्राम पंचकार्डांवर, एका कार्डावर एक ओळ, ८० कॉलम, त्यातलं स्टेटमेंट सातव्या कॉलमपासून बहात्तराव्यापर्यंतच, एक कॉलम चुकला की रन फुकट, आणि रिझल्ट हातात यायला दुसरा दिवस. सरांनी हे मला उरलेली कोरी कार्डं दाखवत सांगितलं, त्यांच्या फोनजवळ अजून ती कार्डं आहेत, मागच्या बाजूला निरोप लिहायला वापरतात.

परत आल्यावर ते म्हणाले, "आता हे पोरांना दाखवायचं कसं? गणित तर झेपणार नाही." विकत घ्यायला बजेट नव्हतं. वर्कशॉपमधल्या टर्नरला बरोबर घेऊन त्यांनी शाफ्ट टर्न करून घेतला, गनमेटलची बुश कास्ट केली, भोकं पाडली, मोटर भंगारातल्या एका मशीनची, आणि नळ्या ओळखीच्या डॉक्टरांकडून. साल त्यांना आठवत नव्हतं. मग मला सुचलं की बनवलेल्या वस्तूची नोंद नसली तरी तिच्यात गेलेल्या मालाची असणारच, म्हणून कंझ्युमेबलचं रजिस्टर काढलं, ज्यात रॉड, पत्रा, ऑइल, कॉटन वेस्ट असलं काय काय चढवतात, आणि तिथे सापडलं: गनमेटल आणि एमएस (साधं पोलाद) राउंड बार, इश्यू, खाली सरांची सही आणि टर्नरची सही, तारखेसकट. मला इतका आनंद झाला की मी तिथूनच सरांना फोन लावला. सरांचा पहिला प्रश्न, "टर्नरची सही आहे ना? मग त्याचंही नाव घाल." घातलंय.

त्यानंतर मी मामांना घेऊन सगळ्या लॅब फिरले आणि ज्या वस्तूला डेडस्टॉक नंबर नाही त्या प्रत्येकीसमोर उभं राहून विचारलं, ही कुणाची? अशी एक वेगळीच यादी तयार झाली. शाफ्ट व्हर्लिंगचं (ठरावीक वेगाला शाफ्ट कसा वाकून थरथरतो ते दाखवणारं) उपकरण, कॅमचं एक मॉडेल, सोलर वॉटर हीटरचा पॅनल जो १९७३ च्या तेलसंकटानंतर सगळीकडे सोलरचं वारं आलं तेव्हाचा, आणि एक सुधारित चूल. चुलीवरून हसू नका. ऐंशीच्या दशकात केंद्र सरकारचा सुधारित चुलीचा कार्यक्रम होता, साध्या चुलीत लाकडातली दहा टक्क्यांच्या आसपासच उष्णता भांड्याला लागते, बाकी धूर आणि बायकांचे डोळे. आमच्या एका सरांनी त्या काळात पोरांच्या प्रोजेक्टमध्ये चूल घेतली, पाणी उकळायची टेस्ट, लाकूड वजन करून, थर्मोकपल लावून, आणि मग त्या चुली आजूबाजूच्या खेड्यांत नेऊन बसवल्या. पेपर एकही नाही. मला विचाराल तर ही करिअर कुठल्याही पेपरवाल्या करिअरच्या शेजारी ठेवावी अशी आहे.

रेफ्रिजरेशनच्या सरांकडे गोष्ट उलटी होती, म्हणजे त्यांनी आधी शिकवलेलंच पुढे मोडून परत उभं करावं लागलं. ते लागले तेव्हा आर-१२ हा फ्रिज-एसीत भरायचा सीएफसी जातीचा वायू सगळ्यात उत्तम मानला जायचा, विषारी नाही, पेटत नाही, पोरांना त्याचेच चार्ट, त्याचीच गणितं. मग ओझोनचं प्रकरण, १९८७ चा मॉन्ट्रियल करार, आणि आपल्याकडे २०१० पर्यंत सीएफसी पूर्ण बंद. लॅबमधली टेस्ट रिग आर-१२ वर चालणारी. त्याऐवजी ओझोनला धोका नसलेला आर-१३४ए भरायचा म्हणजे नुसता गॅस बदलून भागत नाही, जुनं मिनरल ऑइल त्याच्यात मिसळत नाही, म्हणून कॉम्प्रेसरमधलं तेल पूर्ण काढून पॉलिओल एस्टर हे कृत्रिम तेल भरायचं, ड्रायर बदलायचा, लाइन फ्लश करायची. हे सगळं सरांनी रिटायरमेंटच्या अगदी जवळ आलेले असताना स्वतः केलं, शेवटच्या वर्षाच्या पोरांना हाताशी घेऊन. त्या बॅचमधले दोघं आज एसी-चिलरच्या धंद्यात आहेत आणि दोघांनीही मला फोनवर हीच आठवण आधी सांगितली.

मॅडम एकच भेटल्या, कारण त्या पिढीत मेकॅनिकलला मॅडम जवळपास नव्हत्याच. ड्रॉइंग शिकवायच्या. ड्रॉइंग हॉलमधले लाकडी बोर्ड, टी-स्क्वेअर, मग मिनी ड्राफ्टर, मग ऑटोकॅड, हे पूर्ण स्थित्यंतर त्यांच्या एका नोकरीत झालं. त्यांना वर्कशॉपचा चार्ज द्यायला सुरुवातीला सगळे बिचकत होते, त्यांनी तो मागून घेतला आणि साडी खोचून फाउंड्रीत उभ्या राहिल्या. मी स्वतः मेकॅनिकलला आले ते माझ्या आधी त्या होत्या म्हणून, हे मी त्यांना समोरासमोर सांगितलं. एवढं बोलणं झालं आणि मग आम्ही परत सेक्शनल व्ह्यूवर आलो.

बदल्यांचं सांगायचं राहिलं. काही सरांची सुरुवात दुसऱ्या सरकारी कॉलेजांतून झालेली. कराड आणि औरंगाबादचं कॉलेज १९६० चं, अमरावतीचं १९६४ चं, म्हणजे ही मंडळी तिथे गेली तेव्हा ती कॉलेजं नवी कोरी, मशीन खोक्यांतून यायची आणि फाउंडेशन काढून ती बसवायचं काम लेक्चररचंच असायचं. एक सर कराडला असताना ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला, नंतर किती तरी रात्री सगळे बाहेर मैदानात झोपायचे आणि दिवसा लेथ परत लेव्हलमध्ये आहे का ते स्पिरिट लेव्हल ठेवून बघायचे. बदल्यांबद्दल मात्र सरांपेक्षा काकूंना विचारा. सर सांगतात कॉलेज आणि मशीन, काकू सांगतात की मुलीची चौथीची शाळा दोनदा बदलली, रॉकेलचं कार्ड नव्या गावात लवकर मिळेना, सामानाचा ट्रक कधी आला. तारखासुद्धा काकूंच्या जास्त पक्क्या निघाल्या कारण त्या मुलांच्या जन्माशी आणि इयत्तांशी बांधलेल्या असतात.

रिटायरमेंटनंतर कोण काय करतं हे वाचायला लोकांना फार आवडतं म्हणून तेही घेतलं. १९८३ ला वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि भराभर कॉलेजं निघाली, तिथे अनुभवी माणूस हवाच होता, त्यामुळे काही जण नोकरी सोडून तर बरेच जण निवृत्तीनंतर प्राचार्य झाले. काही युनिव्हर्सिटीच्या एलआयसी कमिट्यांवर (कॉलेजांची तपासणी करणाऱ्या स्थानिक चौकशी समित्या) जायचे, काही चार्टर्ड इंजिनिअर म्हणून मशिनरीचं व्हॅल्युएशन करतात, एकजण शेती करतात आणि ठिबकची लाइन स्वतः डिझाइन केलीय, एकांनी पुस्तकं लिहिली जी अजून परीक्षेच्या आदल्या रात्री पोरांच्या उशाशी असतात. तासिका तत्त्वावर परत शिकवायला येणारेही आहेत, मानधन अगदी थोडं, पण येतात. यात मला एक गोष्ट खटकते ती लिहूनच टाकते: एवढ्या अनुभवाचा माणूस तासावर बोलावायचा आणि लॅबमध्ये त्याला पाऊल टाकू द्यायचं नाही कारण लॅबचा चार्ज त्याच्याकडे नाही, हे कुठेही होऊ नये. लॅबमध्ये अर्धा तास त्यांच्याबरोबर उभं राहिलं की मॅन्युअलमध्ये नसलेलं दहा वर्षांचं ज्ञान मिळतं.

लिहून झालं की प्रत्येकाला वाचून दाखवलं. पाठवून दिलं नाही, समोर बसून मोठ्यानं वाचलं, कारण बारीक अक्षर दिसत नाही आणि "ठीक आहे" म्हणून परत येतं. वाचताना त्यांनी बरंच काढायला लावलं. प्रमोशन डावललं गेलं, अमक्यानं कागद अडवला, असं बोलण्याच्या ओघात येतंच, ते सगळं काढलं, त्यांनी सांगायच्या आधी मीच काढून ठेवलं होतं बरंचसं. पण गंमत म्हणजे स्वतःचं कौतुकही कापायचे. "विद्यार्थिप्रिय" हा शब्द चौघांनी खोडला. उलट भर कशात घालायचे तर दुसऱ्याच्या नावात, ही रिग मी एकट्यानं नाही केली, त्यात अमुक इन्स्ट्रक्टर होते, वेल्डिंग तमुकनं केलं. त्यामुळे सरांची म्हणून सुरू झालेली ही नोंद आता वर्कशॉपच्या टर्नर, फिटर, वेल्डर, मोल्डर सगळ्यांची झालीय आणि ती तशी व्हायलाच हवी होती.

कुणाला असं काम करायचं असेल तर दोन-चार गोष्टी. सकाळी अकराच्या सुमाराला जा, दुपारी औषधं आणि झोप असते. जाताना जुनं जर्नल किंवा लॅबचे फोटो न्या, हातात काहीतरी दिलं की बोलणं सुरू होतं. शक्य असेल तर दोन सरांना एकत्र बसवा, एकाला जे आठवत नाही ते दुसऱ्याला आठवतं आणि भांडता भांडता साल बरोबर निघतं. रेकॉर्डिंगची परवानगी आधी विचारा, आणि टीव्ही आणि पंखा बंद करायला सांगा, नंतर ऐकताना पंख्याच्या घरघरीत निम्मं जातं. सगळ्यात वयानं मोठ्यांकडे सगळ्यात आधी जा, पुढच्या महिन्यावर ढकलू नका. आमच्या यादीतल्या दोघांपर्यंत मी पोचायच्या आतच ते गेले, त्यांच्याबद्दल विद्यार्थ्यांकडून आणि रजिस्टरमधल्या सह्यांवरून जेवढं कळलं तेवढंच लिहिता आलं. आणि कंझ्युमेबलची रजिस्टरं रद्दीत जाण्याआधी वाचवा, डेडस्टॉक जपून ठेवतात पण ही कुणी ठेवत नाही, आमचीही गोदामात ओलीला लागायच्या बेतात होती.

आता पुढचं असं ठरलंय की इथे बनवलेल्या उपकरणांचं एक वेगळं रजिस्टर उघडायचं, किंमतीच्या रकान्याच्या जागी "कोणी बनवलं" हा रकाना, आणि त्याची पहिली पानं मामांनी सांगितलेल्या यादीवरून भरून झालीत. येत्या जूनमध्ये आमचे मेट्रॉलॉजीचे (अचूक मोजमापाचा विषय) सर रिटायर होतायत. त्यांचं रेकॉर्डिंग घरी न करता लॅबमध्येच, चार्ज द्यायच्या आधीच्या आठवड्यात करणार आहोत, एकेक उपकरण हातात घेऊन. मामाही येणार आहेत.